आधी कागद, मग क्रँक, रंग शेवटी

हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात, शेतातल्या एका आखाड्यावर, कडब्याच्या गंजीमागे, मामांची यामाहा आरएक्स १०० मोटारसायकल अकरा वर्षं उभी होती. टाकीवर खताची रिकामी पोती टाकलेली, सायलेन्सरच्या तोंडात मातीचं घर केलेली गांधीलमाशी, मागचं टायर जमिनीला चिकटलेलं. ती टेम्पोत घालून घरी आणली त्या दिवसापासून येणारा-जाणारा प्रत्येक जण एकच विचारत होता: रंग कोणता मारणार? प्रश्न मनापासून होता, म्हणून राग कुणाचा आला नाही. पण गेल्या काही वर्षांत या जिल्ह्यात जुन्या जपानी बनावटीच्या गाड्या काढून नव्याने उभ्या करण्याची जी हौस पसरली आहे, तिची सगळी गफलत या एका प्रश्नात आहे असं मला वाटतं. रंगापासून सुरू झालेली कामं मी अर्ध्यात सोडलेली पाहिली आहेत. कुठे चकचकीत टाकी आणि आत गंज, कुठे नवं सीट आणि आरसी बुकाचा पत्ता नाही.

जपानी म्हणताना आपण नेमकं काय म्हणतो हे आधी बघू. १९८० च्या आधी आपल्या रस्त्यांवर एनफिल्ड होती, जावा-येझदी होती आणि राजदूत होती. दुधाचे कॅन लटकवून गावोगाव फिरणारी राजदूत १७५ ही मुळात पोलंडच्या एसएचएल गाडीची आवृत्ती. या गाड्या मजबूत होत्या, पण जड होत्या आणि पेट्रोल पीत. मग सरकारने परदेशी कंपन्यांशी भागीदारीची वाट मोकळी केली आणि तीन-चार वर्षांत चित्र पालटलं. १९८३ मध्ये एस्कॉर्ट्सने यामाहाच्या आरडी ३५० ची भारतीय आवृत्ती राजदूत ३५० म्हणून आणली. १९८४ मध्ये टीव्हीएसची इंड-सुझुकी एएक्स १०० आली, १९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १००, त्याच वर्षाच्या अखेरीस यामाहा आरएक्स १००, आणि १९८६ मध्ये कावासाकी बजाजची केबी १००. बजाजचा वाळूजचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला होता, त्यामुळे मराठवाड्याला मोटारसायकल हा विषय तेव्हापासून घरचाच झाला. आरएक्सच्या पहिल्या गाड्यांचे सुटे भाग जपानहून खोक्यात येत आणि इथे जोडले जात. ‘जपान मार्क’ हा शब्द जुने मिस्त्री आजही आदराने उच्चारतात तो त्यामुळे.

तेव्हा हिंगोली जिल्हा नव्हता. तो परभणीतून वेगळा झाला १ मे १९९९ रोजी. म्हणून या भागातल्या त्या काळच्या बऱ्याच गाड्यांवर परभणीचा एमएच २२ आहे, आणि हिंगोलीचा एमएच ३८ नंतरचा. मामांच्या गाडीवरही २२ आहे. गाडी कधी तालुक्याबाहेर फारशी गेली नाही, जिल्हाच तिच्याखालून बदलला.

या गाड्यांनी इथे काय केलं, हे शोरूमच्या जाहिरातीतून कळत नाही. झेडपीच्या शाळेतले गुरुजी सीडी १०० वर वस्तीशाळा गाठत. एका लिटरमध्ये ऐंशी किलोमीटरचा दावा करणारी ती ९७ सीसीची फोर स्ट्रोक गाडी पगारदार माणसाला परवडली. वसमतकडे हळदीचे व्यापारी, कळमनुरीकडे कापसाचे अडते, दवाखाना नसलेल्या गावातून बाळंतिणीला दोघांच्या मध्ये बसवून औंढ्याला आणणारे दीर-भाऊ, सगळ्यांच्या हाती याच गाड्या होत्या. आणखी एक गोष्ट न सांगता पुढे जाणं खोटेपणाचं होईल. ऐंशी-नव्वदच्या दशकांत ‘हिरो होंडा’ हा मराठवाड्याच्या लग्नाच्या बैठकीतला शब्द होता. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा, तरी अंगठी, घड्याळ आणि गाडी ठरल्याशिवाय सुपारी फुटत नसे. कितीतरी गाड्यांच्या आरसी बुकावर जावयाचं नाव आहे आणि पैसे मुलीच्या बापाने शेताचा तुकडा विकून दिलेले आहेत. आखाड्यावरून अशी गाडी बाहेर काढताना घरातल्या बाईला विचारावं, कारण त्या गाडीची गोष्ट बहुधा तिला सगळ्यांत जास्त माहीत असते. मी मामींना विचारलं. त्यांनी गाडीकडे बराच वेळ पाहिलं आणि म्हणाल्या, “न्या, पण भंगारात घालू नका.”

कोणती गाडी हाती घ्यावी यावर माझं मत सरळ आहे. राजदूत ३५० हे पहिलं काम म्हणून घेऊ नये. ३४७ सीसीचं जुळं टू स्ट्रोक इंजिन, आधीच्या हाय टॉर्क गाडीत ३०.५ आणि नंतरच्या लो टॉर्कमध्ये २७ अश्वशक्ती, सहा गिअर. गाडी अप्रतिम, पण ती थोडीच बनली, तिचे भाग दुर्मीळ आहेत आणि तिचं नाव ऐकताच विकणारा किंमत दुप्पट सांगतो. आरएक्स १०० चं उलट आहे. १९८५ ते १९९६ अशी दहा-अकरा वर्षं ती निघाली. ५० मिलिमीटर बोअर, ५० मिलिमीटर स्ट्रोक, ९८ सीसी, ११ अश्वशक्ती, चार गिअर आणि जेमतेम शंभर किलो वजन. इतकं सोपं इंजिन की शिकणाऱ्याला ते स्वतःच शिकवतं. पण हिच्या वाट्याला कौतुक इतकं आलं आहे की खरी गाडी आणि जुळवलेली गाडी यांत फरक करणं अवघड झालं आहे. सीडी १०० ला मात्र अजून न्याय मिळालेला नाही. तिचं इंजिन पुढे स्प्लेंडरच्या रूपाने देशभर पोचलं, त्यामुळे पिस्टनपासून क्लच प्लेटपर्यंत बरंच काही तालुक्याच्या दुकानात मिळतं. ज्याला पहिल्यांदा हात काळे करायचे आहेत, त्याने सीडी १०० घ्यावी. आणि ज्याला खरोखर काही वाचवायचं आहे त्याने एएक्स १०० किंवा केबी १०० शोधावी, कारण त्या भंगारात सगळ्यांत वेगाने चालल्या आहेत.

आता कागद. इथे मी थांबणार आहे, कारण याच जागी बहुतेकांचा पैसा बुडतो.

खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर गाडी आरटीओच्या निरीक्षकासमोर उभी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. आखाड्यावर उभ्या असलेल्या गाडीचं ते कुणी केलेलं नसतं. मालक वारलेले असतात, वारसांपैकी एक पुण्याला, एक सुरतेला. वारसाच्या नावावर गाडी करायची तर ३१ नंबरचा फॉर्म, साधी विक्री असेल तर २९ आणि ३०, दुसऱ्या कार्यालयाच्या हद्दीतून आणायची तर २८ नंबरचं ना हरकत प्रमाणपत्र. शिवाय जुनं आरसी बुक म्हणजे हाताने भरलेली वही. तिच्यातली नोंद संगणकात चढलेली नसेल, तर आधी मूळ कार्यालयाच्या रजिस्टरमधून ती चढवून घ्यावी लागते, मग बाकीचं. एमएच २२ च्या गाडीसाठी म्हणजे परभणीच्या फेऱ्या. मला चार फेऱ्या लागल्या. हैदराबादहून स्वस्त मिळाली म्हणून उचललेल्या गाडीचं तर विचारूच नका. तिथला कागद स्वच्छ नसेल तर ती गाडी इथे फक्त अंगणात शोभते.

खर्चही वाढत गेला आहे. मोटारसायकलच्या नूतनीकरणाची फी एप्रिल २०२२ पासून ३०० वरून १,००० रुपये झाली, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या दुचाकीसाठी ती २,००० करण्यात आली. पर्यावरण कर वेगळा, विमा वेगळा, नव्या सुरक्षा नंबरप्लेटचे पैसे वेगळे. केंद्राने २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी स्वतंत्र नियम केले, पण त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं व्हावी लागतात. नव्या व्हिंटेज नोंदणीला २०,००० रुपये, व्हीए मालिकेचा क्रमांक, आणि गाडी फक्त प्रदर्शन, रॅली अशा कारणांसाठीच रस्त्यावर. सगळ्यांत जुनी आरएक्स १०० सुद्धा त्या उंबऱ्यावर २०३५ मध्ये पोचेल. तोवर पस्तीस-चाळीस वर्षांची गाडी कायद्याच्या नजरेत फक्त ‘जुनी’ आहे. मोडीत काढायची जुनी आणि जपायची जुनी यांच्यामध्ये एक पायरी हवी, निदान ज्या गाडीचं इंजिन आणि चासी मूळची आहे आणि जी वर्षाला थोडीच चालते तिच्यासाठी. हे मी हौशी माणूस म्हणून म्हणत नाही. आज ही पायरी नसल्यामुळे लोक कागद सोडून देतात, गाडीचे तुकडे करून विकतात, आणि एका गाडीच्या चासीवर दुसऱ्या गाडीचं इंजिन बसतं.

म्हणून सौदा करताना रॉकेलचा बोळा आणि विजेरी सोबत ठेवावी. चासी नंबर आणि इंजिन नंबर या दोन जागा बोळ्याने पुसाव्या आणि आरसी बुकाशी अक्षर अन् अक्षर ताडून पाहावं. कारखान्यात ठोकलेला नंबर एका ओळीत, एका खोलीचा असतो. एखादा आकडा बुटका किंवा तिरका असेल, आजूबाजूला घासल्याची चमक असेल, तर गाडी कितीही सुंदर असो, हात जोडून परत यावं.

कागद जुळले की इंजिन. पहिला धडा मला एका साध्या स्क्रूने दिला. जपानी गाडीच्या इंजिन कव्हरचे स्क्रू वरून अधिक चिन्हासारखे दिसतात, आपल्याला ते नेहमीचे फुल्लीचे वाटतात. पण त्यांची खाच जपानी मापाची असते, आपल्या नेहमीच्या फुल्ली पान्याच्या टोकाशी ती नीट जुळत नाही. जोर लावला की पाना वर चढतो आणि खाच गुळगुळीत होते. मी तीन स्क्रू असे खराब केले. मग सोबत काम करणाऱ्या मिस्त्रींनी माझ्या हातातून पाना काढून घेतला, स्क्रूच्या डोक्यावर थेंबभर तेल सोडलं, इम्पॅक्ट ड्रायव्हर लावून हातोडीचा एकच ठोका दिला आणि स्क्रू सुटला. त्या ठोक्यात जोर कमी आणि अंदाज जास्त होता. नटबोल्टच्या बाबतीत मात्र जपान्यांनी आपल्यावर उपकारच केले आहेत: दहा, बारा, चौदा आणि सतरा नंबरचे पाने असले की जवळजवळ सगळी गाडी खोलता येते.

टू स्ट्रोकचं इंजिन समजायला सोपं, पण चुकीला माफी नाही असं आहे. त्यात व्हॉल्व्हचं बरंचसं काम पिस्टनच करतो. क्रँकच्या पेटीत आधी हवा-पेट्रोल ओढलं जातं, तिथे दाबलं जातं, मग पोर्टमधून वर जातं. म्हणजे क्रँकच्या दोन्ही बाजूंची ऑइल सील इथे नुसतं तेल अडवत नाहीत, ती इंजिनाचा श्वास सांभाळतात. अकरा वर्षं उभ्या गाडीची सील सुकून कडक झालेली असतात. तिथून फुकटची हवा शिरली की मिश्रण कोरडं होतं, पिस्टन तापतो आणि सिलिंडरला चिकटतो. मे महिन्यात हिंगोलीचा पारा ४२-४३ वर असताना हे व्हायला कळमनुरीपर्यंतही जावं लागत नाही. म्हणून गाडी किक मारून सुरू झाली या आनंदात कुणी राहू नये. शंभर-दोनशे रुपयांची सील आधी बदलावी.

आमच्या गाडीचा सिलिंडर काढला तेव्हा पिस्टनच्या सायलेन्सरकडच्या बाजूला उभे ओरखडे होते, नखाला लागतील इतके. मिस्त्रींनी पिस्टन उजेडात फिरवला आणि गाडी कधीकाळी भर उन्हात जास्त वजन घेऊन चढावर चिकटली होती हे सांगितलं. मामांना विचारलं तर त्यांनाही आठवलं: नर्सीच्या यात्रेहून तिघे परत येत होते. लोखंड आठवण ठेवतं ती अशी. अशा सिलिंडरला बोअर करून एक माप मोठा पिस्टन टाकतात. मापं पाव मिलिमीटरने वाढतात, ०.२५, ०.५०, ०.७५, १.०० अशी, म्हणजे एका सिलिंडरला साधारण चार जन्म. आमचा दुसऱ्या जन्मात होता. विकत घेताना हा प्रश्न नक्की विचारावा: बोअर कितवा?

बोअरपेक्षा अवघड आहे क्रँक. तो अखंड नसतो, दोन चाकं आणि मधली पिन दाबून बसवलेली असते. कनेक्टिंग रॉड खिळखिळा झाला की क्रँक प्रेसवर उघडावा लागतो, नवा रॉड आणि बेअरिंग घालून पुन्हा दाबावा लागतो आणि मग तो सरळ करावा लागतो. हे काम करणारा लेथवाला जिल्ह्यात शोधावा लागतो. आम्ही नांदेडला गेलो. त्यांनी क्रँक दोन टोकांवर टेकवला, डायल गेज लावलं आणि हाताने सावकाश फिरवला. काटा हलला की तांब्याच्या हातोडीने एका चाकाच्या कडेवर टक् करून मारायचं, पुन्हा फिरवायचं. मिलिमीटरच्या शंभराव्या भागांची ती भाषा होती. पाऊण तास हे चाललं. शेवटी काटा जवळजवळ स्थिर राहिला, त्यांनी क्रँक फडक्यात गुंडाळून माझ्या हातात दिला आणि एसटीत मांडीवर घेऊन बसा म्हणाले. मी तसाच आणला.

सुट्या भागांचा बाजार आज मोठा आहे. दिल्लीचं करोल बाग, मुंबईचा चोरबाजार, पुण्याचा रविवार-बुधवारचा जुना बाजार, हैदराबाद. फोनवर फोटो पाठवला की पार्सल येतं. अडचण मालाची नाही, खरेपणाची आहे. ‘ओरिजिनल’ लिहिलेल्या डबीतला पिस्टन, चमकदार कार्बोरेटर, हुबेहूब स्पीडोमीटर, यांतलं बरंच नकली असतं. आम्ही मागवलेला एक कार्बोरेटर बसवल्यावर गाडी कधी भरून यायची, कधी उपाशी राहायची. शेवटी मूळचा झिजलेला मिकुनीच उकळत्या पाण्यात साफ करून, नवं जेट आणि फ्लोट पिन घालून बसवला आणि गाडी पहिल्या दिवसासारखी संथ धडधडू लागली. तेव्हापासून माझा नियम एकच: जुना अस्सल भाग दुरुस्त होत असेल तर नव्या नकली भागाला हात लावायचा नाही. काढलेला एकही भाग फेकायचा नाही. मडगार्डचा स्टे, साइड पॅनलची रबरी गुंडी, टूलबॉक्सचं कुलूप, आज कचरा वाटणाऱ्या याच वस्तू उद्या कुठल्याच बाजारात मिळत नाहीत. इंडोनेशियात आरएक्सचीच बहीण, आरएक्स-किंग, आपल्याकडची बंद झाल्यावरही वर्षानुवर्षं निघत राहिली. तिथले काही भाग आपल्या हौशी मंडळींपर्यंत पोचतात, पण प्रत्येक भाग आपल्या गाडीला बसतोच असं नाही.

पेट्रोलचा प्रश्न नवा आहे आणि त्याबद्दल पुरेसं बोललं जात नाही. आज पंपावर मिळतं त्यात वीस टक्के इथेनॉल असतं. ऊस पिकवणाऱ्या आपल्या भागाला त्यात लाभ आहे, आणि मी त्याच्या विरोधात नाही. पण १९९१ च्या गाडीचे रबरी पाइप, फ्लोटचं पॅकिंग आणि टाकीचा पत्रा या मिश्रणासाठी बनलेला नाही. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं; गाडी महिनाभर उभी राहिली की पाणी टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. उपाय घरगुती आहेत. टाकीत मूठभर जुने नट आणि गंज काढायचं पाणी घालून ती तासभर हलवायची, धुऊन पूर्ण वाळवायची, पाइप आणि सील नव्या जातीच्या रबराची टाकायची, आणि गाडी उभी करायची असेल तर कार्बोरेटर रिकामा करायचा.

धुराबद्दल तक्रार करणाऱ्याशी मी वाद घालत नाही, कारण तो बरोबर आहे. टू स्ट्रोकमध्ये ताजं मिश्रण सिलिंडरमध्ये शिरतं तेव्हा सायलेन्सरचं दार उघडंच असतं, त्यामुळे बरंच पेट्रोल न जळताच बाहेर पडतं. मार्च १९९६ मध्ये आरएक्स १०० थांबली ती याच कारणाने कडक होत गेलेल्या नियमांमुळे. पीयूसीच्या नियमात २००० पूर्वीच्या दुचाकीला कार्बन मोनॉक्साइड ४.५ टक्के आणि हायड्रोकार्बन ९,००० पीपीएमपर्यंतची मुभा आहे. मुभा आहे म्हणून रोज बाजारात भाजीला ही गाडी न्यावी असं नव्हे. सायलेन्सरची आतली जाळी काढून फाटक्या आवाजात शाळेसमोरून जाणाऱ्या पोरांनी या गाड्यांचं जितकं नुकसान केलं आहे तितकं गंजाने केलेलं नाही. मूळ सायलेन्सर, मोजून टाकलेलं तेल आणि नीट लावलेला कार्बोरेटर असेल तर ही गाडी बेताचाच धूर सोडते.

आणि आता रंग. मामांच्या गाडीच्या टाकीवर, गुडघे टेकतात तिथे, काळा रंग झिजून दोन्ही बाजूंना राखाडी अर्धचंद्र उमटले आहेत. वर्षानुवर्षं एकाच माणसाचे गुडघे तिथे लागले. पेंटरने ते भरून आरशासारखं करून देतो म्हटलं, काम त्याचं उत्तम असतं. मी नको म्हणालो. फ्रेमला गंजरोधक रंग दिला, रिमचा आउट काढून स्पोक बदलले, मडगार्डचं निकेल पुन्हा करून घेतलं. टाकी फक्त धुऊन मेण लावलं. हे सगळ्यांना पटणार नाही. पण कारखान्यातून आल्यासारखी दिसणारी गाडी कुणीही पैसे देऊन करून घेऊ शकतो, हे अर्धचंद्र मात्र कुठल्याच बाजारात मिळत नाहीत.

मला काळजी गाड्यांपेक्षा माणसांची जास्त वाटते. कान लावून पॉइंट न पॉइंट सांगणारे, पिस्टन पाहून यात्रा ओळखणारे मिस्त्री आता साठीच्या पुढे आहेत. त्यांची मुलं शोरूममध्ये आहेत, जिथे बिघाड संगणक सांगतो. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना महिन्यातून एक दिवस अशा मिस्त्रींसमोर एखादं जुनं इंजिन घेऊन बसवलं तर खर्च काही नाही. दसऱ्याला हिंगोलीच्या रामलीला मैदानावर मोठं प्रदर्शन भरतं. त्यात एका कोपऱ्यात या गाड्या आणि त्या जिवंत ठेवणारे हात उभे करायला कुणाची ना नसावी.

नव्या बोअरची गाडी पहिले पाचशे किलोमीटर सांभाळून चालवायची असते. पहाटे निघालो, तेल थोडं जास्त ठेवलं होतं, चाळिसाच्या वर काटा जाऊ दिला नाही, दर दहा किलोमीटरला थांबून इंजिन गार होऊ दिलं. औंढा नागनाथला पोचेपर्यंत उजाडलं. देवळाच्या अलीकडे झाडाखाली गाडी लावली, प्लग काढून पाहिला. पांढरा असता तर मिश्रण कोरडं, काळा ओला असता तर तेल-पेट्रोल जास्त. टोकाचा रंग पिकलेल्या चिंचेच्या टरफलासारखा होता. मामांना फोन लावला आणि प्लगचा रंग सांगितला. पलीकडून थोडा वेळ काही आवाज आला नाही, मग त्यांनी विचारलं, तिसऱ्या गिअरला अजून जरा अडखळते का?